वाद्य खाली ठेवायचा नियम

कीबोर्डच्या उजव्या टोकाच्या पट्ट्यांवर धूळ होती, मधल्या पट्ट्यांवर नव्हती. गौरवीने एक बोट सगळ्यात शेवटच्या पांढऱ्या पट्टीवरून ओढलं. बोटाला तांबूस, मऊ पूड लागली. वरच्या स्वरांकडे तिचा हात जात नव्हता, कारण श्रीनाथचा आवाज तिथवर जात नसे. गाणं कुणीही करो, ते त्याच्या पट्टीत उतरवलं जाई. कुठले स्वर वापरात आहेत हे धुळीवरून वाचता येत होतं.

गोव्यातल्या पाळी गावात रस्त्याच्या कडेला श्रीनाथच्या वडिलांचं, खाणीची तांबडी माती वाहणाऱ्या त्यांच्या ट्रकांचं गॅरेज होतं. एका बाजूला टायर आणि ऑइलचे डबे, दुसऱ्या बाजूला चौघांचा बँड. श्रीनाथ गात असे आणि गिटार वाजवत असे. बाबली घुमट वाजवायचा. मातीचं ते वाद्य दोरीने गळ्यात अडकवून उभा राहायचा. नितीन बेस वाजवायचा. त्याचे आईवडील बेळगावकडून डिचोलीच्या कारखान्यात कामाला आले आणि इथेच राहिले. कीबोर्ड गौरवीचा. ती उच्च माध्यमिक शाळेत रसायनशास्त्र शिकवायची आणि बँडच्या बहुतेक चाली तिच्या होत्या.

गाणी निवडायचा नियम श्रीनाथनेच घातला होता. सुरुवातीला प्रत्येक गाण्यावरून भांडणं व्हायची. मग तो म्हणाला, बोलायचंच नाही. गाणं एकदा पूर्ण वाजवायचं, आणि ज्याला नको असेल त्याने आपलं वाद्य जमिनीवर ठेवायचं. एकाने ठेवलं तरी गाणं बाद. कारण विचारायचं नाही. भांडणं खरंच थांबली. नितीनने बऱ्याचदा बेस खाली ठेवला, बाबलीने घुमट ठेवलं, श्रीनाथने तर गिटार हवं तेव्हा ठेवली. कीबोर्ड लोखंडी स्टँडवर बोल्टने बसवलेला होता. गौरवीला ही अडचण पहिल्याच दिवशी दिसली होती. कुणीतरी विचारेल म्हणून ती थांबली. कुणी विचारलं नाही, आणि गणेशचतुर्थीपासून निघून जाण्याचं एक वाक्य ती मनात तयार ठेवून होती. पण बँड नसला तर तिची गाणी कुणी वाजवली नसती. ती दर शनिवारी येत राहिली.

आजची तालीम रविवारच्या कार्यक्रमासाठी होती. पार्सेला देवळाच्या जत्रेत त्यांना पहिल्यांदा मंच मिळाला होता, आणि नवं गाणं गौरवीचं होतं. शब्दही तिचेच. पार्से तिच्या आईचं माहेर. आई रोज संध्याकाळी ओल्या फडक्याने अंगणातली तुळस पुसायची, आणि तेच गाण्यात आलं होतं:

*आई पुसते तुळस, पान पान ओलं,*
*ट्रक जातो दारावरून, पुन्हा तांबडं झालं.*

आईने स्वयंपाकघरातून ते ऐकलं होतं. "त्यात मी आहे ना गो?" एवढंच तिने विचारलं होतं, आणि माहेरच्या बायकांना रविवारी पुढे बसायला सांगून ठेवलं होतं.

श्रीनाथने डोळे मिटून गायला सुरुवात केली. पहिली ओळ झाली. मग तो म्हणाला:

*वारा येतो नदीवरून, मन हिरवं झालं.*

गौरवीचे हात पट्ट्यांवरून उठले. बाकीचे वाजवत राहिले. गाणं संपलं तेव्हा श्रीनाथने सगळ्यांकडे नजर फिरवली.

"सगळ्यांची वाद्यं हातातच आहेत. झालं, पक्कं."

"ओळ बदललीस," गौरवी म्हणाली.

"सुधारली."

"ट्रक कुठे गेला?"

"ट्रक गॅरेजात आहे. बघ मागे." त्याने अंगठ्याने टायरांकडे दाखवलं. बाबली हसला. "गौरवी, आयक. तू माझ्या पप्पांच्या गॅरेजात उभी राहून, पप्पांच्या स्पीकरवर, पप्पांचे ट्रक घाण करतात म्हणून गाणं म्हणणार? लाज बिज आहे की नाही?"

"मी कुणाचं नाव घेतलेलं नाही."

"पाळीत ट्रक म्हटला की कुणाचा, ते जत्रेतल्या शेंगदाणेवाल्यालाही कळतं."

नितीन बेसच्या तारा उगाच पिळत होता. "ती जुनी ओळच बरी होती की," तो हळूच म्हणाला. "मन हिरवं झालं म्हणजे काय, शेवाळ आलं होय?"

"तू गप रे. आवडली नसती तर बेस खाली ठेवायचा होतास. ठेवलास?"

नितीनने बेसकडे पाहिलं. तो अजून त्याच्या खांद्यावर होता. "चाल चांगली आहे म्हणून..."

"मग झालं तर."

"जुन्या ओळीने परत वाजवूया," गौरवी म्हणाली. "मग ठरवा."

"कशाला? पार्सेच्या जत्रावाल्यांना नव्या ओळीचं रेकॉर्डिंग पाठवलंय मी. मागच्या आठवड्यातच. तू शाळेच्या परीक्षेच्या कामात होतीस तेव्हा आम्ही तिघांनी केलं."

गौरवीने बाबलीकडे पाहिलं. त्याने नजर घुमटाच्या कातड्यावर ठेवली.

"म्हणजे आज निवड नव्हतीच," ती म्हणाली.

"होती ना. आत्ताच झाली. तू खाली ठेवलंस का काही?"

"मी हात काढले होते."

"हात काढणं म्हणजे वाद्य ठेवणं न्हय, टीचरबाई. नियम म्हणजे नियम. प्रयोगशाळेत असंच शिकवतेस ना पोरांना?" तो दोन पावलं पुढे आला आणि कीबोर्डच्या कडेवर बोटं वाजवली. "नको असेल तर ठेव खाली. उचल आणि ठेव. मी थांबतो."

बाबली पुन्हा हसायला लागला आणि मध्येच थांबला. त्याने वाकून स्टँडच्या पायांशी पाहिलं.

"अरे, ह्यो तर बोल्टान बसवलो हा," तो म्हणाला. "ती कशी ठेवतली?"

"तेच मी म्हणतोय."

"तसा नाय रे, श्रीनाथ. इतकी गाणी झाली, हिना एकदाय वाद्य ठेवल्यानच नाय. माका वाटायचा, हिका सगळीच आवडतत."

"आवडली म्हणूनच ठेवलं नाही! आणि बहुतेक चाली तिच्याच, स्वतःच्या चालीला कोण नको म्हणेल? तुम्ही दोघे आज वकील झालात काय?" श्रीनाथचा आवाज चढला. "मी गातो म्हणून लोक येतात. शाळेतल्या मॅडमचे शब्द ऐकायला नाही येत. माझ्या तोंडून जी ओळ बाहेर पडणार ती माझ्या तोंडाला रुचली पाहिजे. आणि तिला काही म्हणायचं असेल तर तिला तोंड आहे."

बाहेरून एक रिकामा ट्रक गेला. गॅरेजचा पत्रा थरथरला.

गौरवीने कीबोर्डचा दिवा बंद केला. वायर काढून गुंडाळली.

"या गाण्याला माझा नकार आहे," ती म्हणाली.

"तुझंच गाणं आहे!"

"एकाने नको म्हटलं की बाद. कारण विचारायचं नाही."

"रविवारी काय वाजवायचं मग? तुझ्या आईने तिथल्या बायका गोळा केल्यात, त्यांना काय सांगणार?"

"ते मी आईला घरी जाऊन सांगेन. नदीवरचा वारा तिला ऐकवणार नाही." तिचा आवाज वर्गात असतो तेवढाच होता, आणि नितीनने बेस खांद्यावरून उतरवायला सुरुवात केली होती. "आधीच्या माझ्या सगळ्या चालींनाही नकार आहे, श्रीनाथ. त्या माझ्याबरोबर येतील. मी बँड सोडतेय."