घाटातली पुढची सीट

मित्रांनो, मुलुंड पूर्वेच्या एका सोसायटीत, पाण्याच्या टाकीशेजारी, दीड वर्षापूर्वीपर्यंत राखाडी कापडाखाली काहीतरी चपटे झाकून ठेवलेले असायचे. पहिल्या मजल्यावरच्या काकू त्यावर पायपुसणी वाळत घालायच्या आणि दुपारी मांजरे झोपायची. ते चपटे म्हणजे मी. मी एक जुनी स्पोर्ट्स कार आहे, रंगाने हळदीसारखी पिवळी, उंचीने मोठ्या माणसाच्या कमरेएवढी आणि स्वभावाने, खरे सांगायचे तर, बरीच गर्विष्ठ.

गर्व का नसावा? माझा जन्म परदेशातल्या एका कारखान्यात झाला. तिथल्या खिडकीतून बर्फाचे डोंगर दिसत. ज्या म्हाताऱ्या कारागिराने माझे इंजिन बसवले, त्याने शेवटचा बोल्ट आवळला आणि माझ्या पाठीवर थाप मारून डोंगराकडे बोट दाखवले. तेव्हापासून मी धरून चालले होते की मी डोंगरासाठी जन्मले आहे. माझे इंजिन इतर गाड्यांसारखे पुढे नाही. ते सीटच्या मागे, जाळीच्या झाकणाखाली आहे, आणि सामान ठेवायची जागा पुढे आहे. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

नशिबाने मला डोंगराऐवजी मुंबई दिली. पहिल्या मालकाने चार वर्षे मिरवून मला विकले आणि श्यामकांत साहेबांनी विकत घेतले. साहेब इंजिनीअर होते, वय पन्नास, लहानपणापासून अशी गाडी घ्यायचे मनात होते. पहिल्या महिन्यात सोसायटीतली सगळी मुले माझ्याबरोबर फोटो काढून गेली. दुसऱ्या महिन्यात साहेबांची कंबर धरली. माझ्यात बसायला अर्धे झोपावे लागते आणि उठायला दोघांनी हात द्यावा लागतो. शिवाय मुलुंडमध्ये दर पन्नास पावलांवर गतिरोधक, आणि प्रत्येकाला माझे पोट घासायचे. साहेबांनी मला कापड घातले. रोज संध्याकाळी ते खाली येत, कापडाचा कोपरा उचलून बघत, कुठे ओरखडा नाही ना याची खात्री करून वर जात. ताशी अडीचशेचा काटा असलेली गाडी मी, आणि माझ्यावर काकूंची पायपुसणी वाळायची!

बॅटरी मरू नये म्हणून साहेबांनी एक माणूस ठरवला. दर रविवारी तो येई, मला पुसून ऐरोली पुलापर्यंत नेऊन आणी. त्याचे नाव दत्ताराम. एसटीत एकतीस वर्षे ड्रायव्हर होता, सगळी नोकरी कणकवली भागात, बहुतेक फोंडा घाटात. निवृत्त झाल्यावर नवराबायको भांडुपला लेकीकडे, जान्हवीकडे, राहायला आले होते. सुरुवातीला मला त्याचा राग यायचा. साठाच्या वर काटा जाऊ द्यायला त्याचा पाय तयारच होत नसे, आणि मोकळ्या रस्त्यावरच्या वळणालाही तो हॉर्न वाजवी. पण त्याचा हात स्टिअरिंगवर पडला की कळायचे, ह्या माणसाला गाडी कळते.

पुसता पुसता तो माझ्याशी बोलायचा. त्यातूनच मला शेवंतीबाईंचे कळले. शेवंतीबाई त्याची बायको. तिच्या डोळ्यांत काचबिंदू निघाला होता, आणि तोही उशिरा. ह्या दुखण्यात आधी कडेचे दिसायचे बंद होते. माणसाला वाटते वय झाले, आणि तोवर नजर आत आत येत जाते. घाटकोपरच्या डॉक्टरांनी सांगितले होते की गेलेली नजर परत येणार नाही. थेंब नेमाने घातले तर उरलेली टिकवता येईल, पण किती दिवस, हे सांगता येत नाही. आता तिला समोरचे तेवढे, ताटाएवढे, दिसत होते. त्यातही उजेड लागे.

एका रविवारी दत्तारामने मला पुसले, पुलापर्यंत नेले नाही, आणि साहेब खाली येईपर्यंत फडके हातात धरून उभा राहिला. त्याला मागायची सवय नव्हती, त्यामुळे बोलायला वेळ लागला. शेवंतीबाई लग्नानंतर शेकडो वेळा त्याच्याच एसटीतून फोंडा घाट चढली-उतरली होती, पण कायम मागच्या सीटवर. ड्रायव्हरच्या बायकोने पुढे बसून मिरवायचे नाही, हा दत्तारामचाच नियम. शिवाय त्याच्या डोक्यावर पाटी असायची, वाहन चालू असताना चालकाशी बोलू नये. मागच्या सीटवरून तिने घाट बघितला तो माणसांच्या डोक्यांमधून. आता ती म्हणत होती की एकदा पुढे बसून घाट बघायचा आहे. जान्हवी म्हणाली, रेल्वेने जा. तर ती म्हणाली, तिथे खिडकी कडेला असते.

"साहेब, हिच्यात फक्त दोन सीट आहेत. दोन्ही पुढच्याच," दत्ताराम म्हणाला.

साहेबांनी माझ्यावरून एकदा हात फिरवला. मग वर गेले, कागदपत्रे आणि किल्ली घेऊन आले आणि दोन अटी घातल्या. रविवारी संध्याकाळी गाडी इथे उभी पाहिजे, आणि अंगावर ओरखडा नको.

दिवाळी होऊन गेली होती. शनिवारी पहाटे आम्ही निघालो. शेवंतीबाई नऊवारी सावरत माझ्यात उतरली, हो, माझ्यात चढत नाहीत, उतरतात, आणि पर्स मांडीवर घट्ट धरून बसली. खंडाळ्याचा चढ लागला तेव्हा माझी छाती भरून आली. इतकी वर्षे मी ज्याची वाट पाहिली तो डोंगर हा असा, एकदम समोर उभा! पण शेवंतीबाईला बोगद्यांचाच त्रास झाला. अंधारात तिचे ताटाएवढे जगही बंद होई. पुढे पुण्याबाहेर दीड तास वाहने तुंबली. नंतर पेट्रोल पंपावर माझ्याभोवती ही गर्दी! प्रत्येकाला फोटो हवा. कॉलेजची पोरे दत्तारामला 'काका, एक रेस मारा ना' म्हणून गळ घालत होती. मी कौतुकाने फुगले होते. मित्रांनो, त्या फुगण्याची मला आजही लाज वाटते, कारण त्या वेळात सूर्य कलत होता.

राधानगरीचे जंगल ओलांडून आम्ही घाटमाथ्यावर आलो तेव्हा संधिप्रकाश झाला होता. दत्तारामने घाटातल्या देवासमोर मला थांबवले, नारळ ठेवला, हात जोडले आणि उतरायला लागला. माझ्या दिव्यांत वळणे उजळत होती. मला सगळे दिसत होते, काळा कडा, खोल दरी, लांब खाली कोकणातले दिवे. माझे भान हरपले. घाट संपल्यावर दत्तारामने हळूच विचारले, कसा वाटला.

"माका काय दिसला नाय," शेवंतीबाई म्हणाली. मग त्याला वाईट वाटू नये म्हणून म्हणाली, उद्या येताना बघूया.

उद्या म्हणजे शेवटची संधी, हे आम्हा तिघांनाही माहीत होते. पुन्हा साहेबांकडे मागायला दत्ताराम जाणारा नव्हता, आणि तिची नजर कोणासाठी थांबणार नव्हती.

रात्री आम्ही तिच्या भावाकडे, रतनकडे, राहिलो. सकाळी लवकर निघायचे ठरले, आणि इथे एक चूक झाली. कोकणातल्या माहेरातून मोकळ्या हाताने कोणी परत येत नाही. रतनने माझ्या पुढच्या जागेत नारळ, कोकमाची सोलं आणि कुळथाचे पीठ ठासून भरले. मग त्याने नव्या भाताच्या उकड्या तांदळाचे पोते आणले आणि सरळ माझ्या पाठीवर, जाळीच्या झाकणावर ठेवले. दत्ताराम म्हणाला, अरे खाली इंजिन आहे. रतनने बहिणीकडे बघितले. नवे तांदूळ परत करायचे तरी कसे? दत्तारामने आयुष्यभर एसटीच्या टपावर कोंबड्यांच्या खुराड्यापासून लोखंडी कपाटापर्यंत सगळे नेले होते. त्याने मान डोलावली. पोते एका कडेला सरकवून त्याने अर्धी जाळी मोकळी ठेवली आणि काथ्याने बांधले. मला ओरडून सांगावेसे वाटले, पण मला हॉर्नही स्वतः वाजवता येत नाही.

सकाळचे आठ वाजले असतील. घाट सुरू झाला. आकाश निरभ्र होते आणि ऊन कोवळे होते. शेवंतीबाई काचेला नाक लावल्यासारखी पुढे वाकून बसली होती, ओठ मिटून. दोन वळणे गेली, चार गेली. दत्तारामने तिच्याकडे पाहिले आणि त्याला कारण उमगले.

"बोल गो," तो म्हणाला. "हय ती पाटी नाय."

ती हसली. पण बोलणार काय? ती एका झाडावर नजर धरेपर्यंत वळण येई आणि झाड निघून जाई. समोर काय आहे हे जुळवायला तिला वेळ हवा होता, आणि मी तर हळू चालायला शिकलेच नव्हते. त्यातच प्रत्येक वळणाला पोते तसूतसूने सरकत होते. सहाव्या-सातव्या वळणाला त्याने माझी उरलेली जाळीही झाकली. माझा श्वास कोंडला. तापमानाचा काटा वर चढू लागला. डोंगरासाठी जन्मलेली मी एका पोत्यापुढे हरले, आणि मनात एकच आले, की आता हिचा घाट माझ्यामुळे राहणार.

दत्ताराम घाबरला नाही. एकतीस वर्षे त्याने हेच केले होते. रस्ता रुंद झाल्यावर त्याने मला कठड्याशी घेतले, इंजिन बंद केले, चाकांमागे दोन दगड लावले आणि काथ्या सोडून पोते खाली उतरवले. तेव्हा त्याला दिसले. काथ्याने माझ्या पाठीवर वीतभर लांब ओरखडा काढला होता. त्याने त्यावर अंगठा फिरवला. तो जाणार नाही, हे त्याला लगेच कळले. तो कठड्यावर जाऊन बसला. शेवंतीबाई चाचपडत उतरून त्याच्या शेजारी जाऊन बसली. इंजिन निवायला तास तरी लागणार होता.

आणि त्या तासात, मित्रांनो, मी जे बघितले ते सांगायला माझ्याकडे शब्द कमी आहेत. खाली सगळे कोकण धुक्यात बुडाले होते. टेकड्यांची नुसती टोके वर होती. उन्हाची तिरीप आली तसे धुके हलू लागले, एकेक रान, एकेक वाडी त्यातून वर येऊ लागली. शेवंतीबाई समोर बघत होती, पण तिला दिसत होते ते फक्त पांढरे. दत्तारामच्या ते लक्षात आले. तो उठून तिच्यामागे उभा राहिला. त्याने तिची हनुवटी दोन बोटांनी धरली आणि तिचे तोंड हलकेच खाली, ओढ्याकडे वळवले.

"हय बघ. खाली व्हाळ आसा. दिसता?"

"दिसता."

"आता वायच वर. ती कौलां. दिसतत?"

"दिसतत."

मग थोडे डावीकडे. मग आणखी. एकेक ताटाएवढा तुकडा तो तिला दाखवत गेला आणि ती ते तुकडे मनात जोडत गेली. घाई नव्हती. एसटी गेल्या, ट्रक गेले, कोणी माझा फोटो काढायला थांबले, त्यांना दत्तारामने हातानेच वाट दाखवली. तासाभराने ती म्हणाली, आता सगळा झाला. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते. तिने पदराने पुसले नाही, बहुधा तेवढ्या वेळात काही बघायचे राहील म्हणून.

"इतकी वर्सां तुमी ह्या सगळा बघीत होतास?" तिने विचारले.

दत्तारामने मागे घाटाच्या रस्त्याकडे पाहिले. "माज्या पाठी पन्नास माणसां असत," तो म्हणाला. "मी रस्तो बघीत होतंय."

मला वाटत होते की तो तिला आपला घाट दाखवतो आहे. तोही तो पहिल्यांदाच बघत होता. आम्ही तिघेही पहिल्यांदाच बघत होतो. मी मान खाली घालून थंड होत राहिले, आणि मला माझ्या अडीचशेच्या काट्याची आठवणसुद्धा झाली नाही.

पोत्याचे काय केले म्हणाल, तर उरलेली वळणे ते शेवंतीबाईच्या पायांशी कसेबसे बसवून नेले आणि घाटमाथ्यावरच्या चहाच्या टपरीवाल्याला देऊन टाकले. शेवंतीबाईनेच दिले. रविवारी संध्याकाळी आम्ही मुलुंडला पोचलो. साहेब टाकीशेजारी वाट बघत उभे होते. दत्तारामने किल्ली देण्याआधी त्यांना माझ्या मागे नेले, ओरखडा दाखवला आणि घडले ते सगळे सांगितले, पोत्यापासून हनुवटीपर्यंत. मग म्हणाला, रंगाचे काय ते मी भरून देईन.

साहेबांनी चष्मा काढून ओरखडा पाहिला. पुन्हा चष्मा लावला.

"राहू दे, दत्ताराम," ते म्हणाले. "ही कुठेतरी जाऊन आली, याची तेवढी एकच खूण आहे."

त्याला आता दीड वर्ष झाले. शेवंतीबाईचे ताट वाटीएवढे झाले आहे. थेंब चालू आहेत. दर रविवारी ती दत्तारामबरोबर येते. माझ्यात उतरण्याआधी मागे जाते, बोटांनी तो ओरखडा शोधते, आणि त्यावरून बोट फिरवत हळूहळू मोजते: व्हाळ, कौलां, ती झाडी, तो कडा. एकही तुकडा चुकत नाही. मग पुढच्या सीटवर बसते आणि ऐरोली पुलापर्यंत अखंड बोलत राहते. साहेब कधीकधी वरून हात करतात. त्यांनी कापड आता घडी करून माळ्यावर टाकले आहे.

मित्रांनो, मला जपताना तुम्ही पुसा, तेल घाला, हवा बघा, पण झाकून ठेवू नका. ओरखडा पडेल तर पडू द्या. तुमच्या घरातही कोणीतरी असेल, जे आयुष्यभर मागच्या सीटवर बसून कोणाच्या तरी डोक्यांमधून जग बघत आले. त्यांचे डोळे वेळेत तपासून घ्या. आणि उजेड आहे तोवर त्यांना एकदा पुढे बसवा.