वेंडेलने न सांगितलेली बातमी

आयुष्यभर बोलत आलेल्या माणसालाच मौनाची खरी थोरवी कळते, असं गंभीर स्वरात सांगून वेंडेल क्रॅट्झने माईक बंद केला आणि हॉट डॉगचा मोठा घास घेतला. माईक बंद झालाच नव्हता. आपल्या लाडक्या समालोचकाचं चर्वण मिलर्स फोर्ड गावाने रेडिओवर साग्रसंगीत ऐकलं.

बेसबॉलचे सामने सांगता सांगता त्याचे केस गेले होते. आवाज तेवढा शाबूत होता. आजचा सामना शेवटचा. स्टेशनचा नवा मॅनेजर गॅरी पिंकस्टन याला पुढच्या मोसमात तरुण आवाज हवा होता. आणि नेमका आजच, सातवा डाव संपत आला तरी गावच्या पिचरने, चेंडू टाकणाऱ्या डेल ओस्टरने, पाहुण्यांना एकही हिट दिली नव्हती; स्वतःच्या फटक्याच्या जोरावर त्यांचा एकही फलंदाज पहिल्या तळावर पोचला नव्हता. शेवटच्या, नवव्या डावापर्यंत हे टिकलं तर? असा सामना सांगायचं भाग्य वेंडेलला अजून लाभलं नव्हतं. त्याने अर्धा हॉट डॉग बाजूला ठेवला.

"वेंडेल, सांगा ना लोकांना!" गॅरी कुजबुजला. "एकही हिट नाही म्हणावं. धडाधड रेडिओ लावतील."

वेंडेलने माईकवर तळवा दाबला.

"गप रे बाबा. चालू असताना ते बोलायचं नसतं. बोललं की मोडतं."

"हा निव्वळ खुळेपणा आहे!"

"असेल. पण मोडलं तर ओस्टरची आई मला गावात राहू देईल का?"

मग तो छपरावरच्या कबुतरांबद्दल बोलू लागला. पंचाच्या पोटाबद्दल बोलला, पाद्रीबाबांच्या नव्या ट्रकबद्दल बोलला. गॅरीने कपाळाला हात लावला.

तेवढ्यात फोन वाजला. वेंडेलची बायको लॉरेन.

"काय रे, कबुतरांवर आलास? म्हणजे अजून एकही नाही ना?"

"लॉरेन, फोन ठेव."

"ठेवते. निघालोच आहोत आम्ही सगळ्या."

खाली धूळ उडवत गाड्या येऊ लागल्या. न्हावी आला, त्याच्यामागे गालाला साबण लागलेलं गिऱ्हाईक आलं. ओस पडलेल्या बाकांवर पाय ठेवायला जागा उरली नाही.

"यांना सांगितलं कोणी?" गॅरीने विचारलं.

"मी. तू इथेच तर बसला होतास."

नवव्या डावात पाहुण्यांच्या शेवटच्या फलंदाजाने चेंडू उंच उडवला. तो झेलात विसावला आणि वेंडेल खुर्ची पाडून उभा राहिला.

"एकही नाही! मिलर्स फोर्ड, एकही हिट नाही!"

आवाज फाटला. त्याने तो फाटू दिला. खाली टोप्या उडत होत्या, ओस्टरची आई अनोळखी माणसांचे मुके घेत होती. त्या गदारोळात गावची शेवटची पाळी आली, फलंदाज आले आणि बाद होऊन गेले. कोणी ढुंकून पाहिलं नाही. लोकांनी आधी ओस्टरला खांद्यावर घेतलं, मग वेंडेलला.

"पुढच्या मोसमात येताय ना?" गॅरी खालून ओरडला.

"लॉरेनला विचारतो!"

गावच्या खेळाडूंच्या हातून सुटलेला एक झेल आणि एक भलतीकडे फेकलेला चेंडू, हिटमध्ये न धरल्या जाणाऱ्या एवढ्या दोन चुकांवर पाहुण्यांनी आधीच एक धाव काढली होती. मिलर्स फोर्डने सामना एक-शून्य असा गमावला.