एकाला बाराचा उतार

माझी चाकांची खुर्ची नगरपालिकेच्या दारातल्या उतारावरून मागे निसटली तेव्हा बायकोने ती सोडली नाही, हाच तिचा गुन्हा. माझं ऐंशी किलोचं धूड चाकांसकट तिच्या अंगावर गेलं आणि तिचा डावा हात चाक आणि कठड्याच्या मध्ये सापडला. हाड मोडल्याचा आवाज मला नवा नव्हता. बांधकामावर ऐकला होता, एकदा तर स्वतःच्याच कंबरेचा. तिने ओठ इतका चावला की हनुवटीवर रक्त आलं. आणि पहिलं वाक्य काय, तर "अहो, तुम्ही वर पोहोचा आधी, बारा वाजतील!"

बाराला मुलाखत होती. बांधकामावर चांगल्या बांधलेल्या परांचीवरून पडलो मी, आणि त्यानंतर तीन वर्षं घरात भिंतींकडे बघत बसलो. शेवटी नगरपालिकेने जागा काढली. सरकारी इमारतींत अपंगांसाठी केलेल्या सोयी तपासायला माणूस हवा, आणि तो अपंगच हवा. अर्ज बायकोने भरला, सकाळी माझी दाढीही तिनेच केली. ही जागा गेली असती तर मी पुन्हा त्याच भिंतींपुढे आणि मला जन्मभर उचलायला तीच. निघताना तिने विचारलं, "तिथे चढायचं कसं?" मी म्हटलं, "उतार आहे." एवढंच म्हटलं.

रखवालदार धावत आला, पण मदतीला नव्हे. "ढकलायला एखादा गडी आणायचा ना! बाईमाणसाचं काम आहे का हे?"

माझ्या डोक्यात तिडीक गेली. शेजारी फुटपाथ उकरणाऱ्यांचा घण पडला होता. मी खुर्चीतून खाली कोसळलोच होतो. कोपरांवर सरपटत गेलो, घण ओढला आणि बसल्या जागेवरून उताराच्या कडेवर हाणला. पाय गेले असले तरी हात गवंड्याचेच होते. तिसऱ्या घावाला वरचा थर फुटला. रखवालदाराने पाठीत काठी घातली. कंबरेखाली घातली असती तर मला कळलंही नसतं, पण शहाण्याने नेमकी वर घातली. मी वळून त्याच्या नडगीवर घणाचा दांडा मारला. तो किंचाळत खाली बसला. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

गर्दी जमली. मुलाखत घेणाऱ्यांतले इंजिनिअर साहेब जिना उतरून आले आणि मला बघून त्यांचा चेहराच उतरला. ओळख जुनी होती. ते उकिडवे बसून माझ्या कानाशी लागले.

"बायकोचा पाय घसरला, एवढंच म्हण सगळ्यांसमोर. बाकी मी बघतो. जागा तुझीच."

बायको भिंतीला टेकून मोडका हात मांडीवर धरून बसली होती. तिला काही ऐकू गेलं नव्हतं, तरी तिने मान हलवली. साहेब म्हणतील त्याला हो म्हणा, असं.

मी हो म्हणणारच होतो. पण नजर फुटलेल्या कडेवर गेली. आतून माती आणि विटांचे तुकडे बाहेर सांडले होते.

"तिचा पाय घसरला नाही!" मी ओरडलो. "एक फूट चढायला बारा फूट लांबी लागते. इथे चारच आहे, कारण पुढे साहेबांची गाडी उभी राहते. आणि हा उतार मी बांधलाय. याच हातांनी. मला तेव्हाही माहीत होतं. मी हसून म्हटलं होतं, चालतंय साहेब, इथे कोण लंगडा यायचाय!"

साहेब उठून मागे सरकले. बायको कशीबशी उभी राहिली, माझ्यापर्यंत आली आणि धडक्या हाताने अशी कानाखाली वाजवली की मी आडवा झालो.

"माहीत होतं तुम्हाला," ती म्हणाली, "आणि तरी मला यावर ढकलायला लावलंत?"

मला लाज वाटत होती, म्हणून सांगितलं नव्हतं. आत कुठेतरी शिपाई मुलाखतीसाठी माझं नाव पुकारत होता. दोनदा पुकारलं, मग थांबला.

बायकोने डोळे पुसले आणि पायाने घण माझ्याकडे ढकलला.

"अर्धाच फुटलाय," ती म्हणाली. "सगळा फोडा."