मास्तरांचा पाय

टेबलाखाली पाय हलायला लागला की मास्तरांची बायको चेहऱ्यावर काही न दाखवता त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवायची. तेवढ्यापुरता तो थांबायचा, हात उचलला की पुन्हा सुरू. सगळी हयात पायमशीनवर कपडे शिवण्यात गेलेली. देवाने म्हातारपण द्यायला घेतलं तेव्हा डोळ्यांना सांगितलं, कंबरेला सांगितलं, पायाला सांगायचं मात्र राहून गेलं असावं.

एकुलती एक लेक या परक्या देशात नोकरीला. तिच्याजवळ राहायचं तर दोन वाटा आहेत, असं एजंटाने समजावलं होतं. एक तर दर थोड्या महिन्यांनी देशाबाहेर जाऊन परत या, नाहीतर निवृत्तांचा लांब मुदतीचा व्हिसा घ्या आणि तो वर्षाला वाढवत चला. या वयात बोचकी घेऊन कुठे ये-जा करायची, म्हणून दुसरी वाट धरली. त्या व्हिसाची अट एकच, पण ती मास्तरांच्या जिवावर आली. इथे काम करायचं नाही.

मास्तर खिडकीपासून दारापर्यंत आणि दारापासून खिडकीपर्यंत फेऱ्या घालू लागले. लेकीला बघवेना. तिने जुन्या बाजारातून पायमशीन आणून दिली, घरातलं फाटकंतुटकं शिवायला. ते आठवड्यात संपलं. मग समोरच्या म्हातारीच्या कोटाची चेन आली, तिच्यामागून वरच्या मजल्याचे पडदे आले. मास्तरांनी कुणाकडून काही घेतलं नाही. बायको मात्र म्हणत राहिली, तुमच्या या पुण्याईनेच एक दिवस आपल्याला हाकलतील.

व्हिसा वाढवायच्या दिवशी तिघं सरकारी कचेरीत टेबलासमोर बसली. अधिकारीण बाई शांत स्वभावाची होती, लेक मधे दुभाषी होऊन बोलत होती. सगळं सुरळीत चाललं असताना बाईंचं लक्ष खाली गेलं. मास्तरांचा पाय भरधाव सुटला होता. जणू पँटची लांब टीप मारायला घेतली होती. यांना काही आजार आहे का, असं तिने विचारलं.

लेक कुजबुजली, आजार म्हटलं तर डॉक्टरी तपासणी लागेल, महिने जातील. नुसती सवय म्हटलं तर बाई कसली ते विचारणार. बायकोने डोळे मिटून देवाचं नाव घेतलं. मास्तरांनी तिच्याकडे पाहिलं आणि लेकीला म्हणाले, "सांग त्यांना, शिंपी आहे. शेजाऱ्यांचं शिवून देतो, फुकट."

बाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं. फुकट केलं तरी काम ते कामच, असं ती म्हणाली. मग बराच वेळ ती त्या पायाकडे बघत बसली. शेवटी व्हिसा वाढवून मिळाला, पण बाहेरच्या कुणासाठी एक टाकाही घालणार नाही असं लिहून घेऊन. घरचं शिवा, त्याला हरकत नाही. मास्तरांनी सही केली.

घरी आल्यावर मास्तरांनी समोरच्या म्हातारीचा अर्धवट शिवलेला दुसरा कोट घडी करून परत दिला. ती बिचारी आपलंच काही चुकलं समजून माफी मागत राहिली. मग मशीनवर चादर टाकून ते पुन्हा फेऱ्या घालू लागले. रात्री जेवतानाही पाय हलत होता, आणि आज कुणी गुडघ्यावर हात ठेवला नाही.

सकाळी मशीनवरची चादर काढलेली दिसली. शेजारी बायको उशीचा अभ्रा घेऊन उभी होती.

"अहो, हा उसवलाय बघा."

मास्तरांनी अभ्रा उलटा केला. दुहेरी टीप त्यांनी स्वतः घातलेली. ती आपोआप उसवायची नाही. कडेला कात्रीचे बारीक काप होते, ओळीने, घाईत मारलेले.

"कपडा जुना झाला की असं होतं," ते म्हणाले, आणि सुईत दोरा ओवायला बसले.

"अजून तीन आहेत," ती म्हणाली आणि आत चहा ठेवायला गेली.