फुलावर आलेला बोरू

शेवंताबाई म्हणजे पाहुणी म्हणून गेली तरी आपला तांब्या आपण घासून ठेवणारी बाई. माहेरी गेली तर दिवे लागायच्या आत परत. अशा बाईनं डोक्याचे केस पांढरे झाल्यावर परक्या छपराखाली अख्खा पावसाळा काढला, हे गावात कोणाच्या गळ्याखाली उतरेना. काही बाया तर म्हणाल्या, सुनेशी वाजलं असेल. सुनेशी काही वाजलं नव्हतं. वाजलं होतं ते मातीवरून.

तिचा एकुलता एक टिकाराम सायकलीनं वरठीच्या कारखान्यात कामाला जायचा. घरची धानाची बांधी तळ्याखाली होती. चारी बाजूंनी पाळ, मध्ये पाणी धरून ठेवणारं ते वावर म्हणजे सासऱ्याच्या हातचं सोनं. पण वर्षानुवर्षं युरियाची पोती रिचवून रिचवून ते असं टणक झालं होतं, की नांगराचा फाळ लागला की खणकन वाजायचा. वीटभट्टीवाल्या बाबुलालचा त्या मातीवर डोळा होता.

"माय, देऊन टाकू," टिकाराम म्हणाला. "ते माती आता विटा पाडाच्याच लायकीची उरली. बाबुलाल वरचा थर नेईन. बाकी आपलं आपल्याजवर."

"बाकी म्हंजे काय रे? खड्डा?"

"मंग धान तरी कुठी होऊन राहिलं?"

शेवंताबाईनं वळून आत पाहिलं. आतल्या चुलीशी सून चंद्रकला भाकर थापत होती. तिच्या पोटात पुन्हा जीव वाढत होता. आधीचे दोन टिकले नव्हते, आणि त्याचा उच्चार करायची घरात कोणाची टाप नव्हती. येणाऱ्या लेकराला काय दाखवायचं? हा बघ बाप्पा, इथं तुझ्या पणज्याची बांधी होती, ती भंडाऱ्याच्या कोणाच्या तरी भिंतीत गेली?

त्याच आठवड्यात मारुतीच्या पारावर शोभाताई नावाची एक पोरगी बोलायला आली. पवनीच्या कोष्ट्याची लेक, शेतीची शाळा शिकलेली, खांद्याला झोळी. आसगावजवळ त्यांचं शेत होतं. तिथं पोती लागत नाहीत म्हणे. मेलेली माती जिवंत करता येते म्हणे. "पावसाळाभर आमच्याजवळ राहा. काम करा, जेवा, शिका. देणंघेणं काही नाही."

पोरं फिदीफिदी हसली. टिकारामही हसला. तेवढं शेवंताबाईला पुरलं.

"मी येतो," ती उठून म्हणाली. मग लेकाकडं वळून, "अन तू त्या बाबुलालले सांग, दिवाळीपावतर थांब मनावं. मी शिकून येतो. नाई जमलं तर मीच त्याच्या हाती फावडं देईन."

चंद्रकलेनं निघताना पायावर डोकं ठेवलं. शेवंताबाईनं तिला अर्ध्यातच उचललं. "वाकू नको. अन कोहळ्याले सुरी लावू नको. फुलावर आलेल्या वेलाले ईळा लावू नको. समजलं?" सासूनं तिला सांगितलं होतं, तिनं सुनेला सांगितलं. गर्भारशीच्या घरात फुलावरचं काही तोडायचं नाही.

आसगावच्या शेतावर सगळे सारखे. आपलं ताट आपण धुवायचं, सकाळी घंटेला उठायचं. ताट धुण्याचं तिला काही वाटलं नाही, घंटेचा मात्र राग आला. "मी कोंबड्याच्याही आंधी उठतो. माया उशाशी घंटा बडवाचं काम नाई." संडासाच्या खड्ड्याचं खत होतं हे शोभानं दाखवलं तेव्हा नाकाला पदर लावून म्हणाली, "हे तेवढं मी शिकली असं समज तू." शोभा हसली, आणि मावशी म्हणू लागली.

"मी तुही मावशी कवाची झाली?"

"आजी म्हणू का मग?"

"मावशीच मन."

प्रत्येकाच्या नावे एकेक बांधी होती. पेरण्यापासून कापण्यापर्यंत ती त्यानंच पाहायची. शेवंताबाईच्या वाट्याला आली ती शेताच्या कडेची, येणाऱ्याजाणाऱ्याच्या नजरेतली. तळ्याचं उरलंसुरलं पाणी घेऊन वैशाखातच तिनं त्यात बोरू, म्हणजे मातीच्या खतासाठीचा ताग, पेरला. दाट उगवला. आषाढ लागेस्तोवर छातीला आला आणि एका सकाळी पाहते तर बांधीभर पिवळी फुलं. हळद लागलेल्या नवरीसारखी बांधी दिसत होती. शेवंताबाई पाळीवर उभी राहून किती वेळ पाहत राहिली. घरच्या बांधीत एवढं हिरवं तिनं कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं.

मागून शोभा आली. "छान आला. बस, हीच वेळ. उद्या सुखराम नांगर आणेल. सगळा गाडून टाकायचा."

शेवंताबाईनं पाळीवर झुकलेली एक डहाळी हाताखाली घेतली. बोरू मातीत घालायचा हे पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. पण फुलावर आला की घालायचा, हे तिच्या कानात शिरलंच नव्हतं; की शिरू दिलं नव्हतं देव जाणे.

रात्रभर तिचा डोळा लागला नाही. नाही म्हणावं, तर शिकायला आली कशाला? हो म्हणावं, तर घरी ती पोर सहा महिन्यांची गर्भार.

सकाळी शेतावरचा नांगरवाला सुखराम बैल घेऊन बांधीत उतरला. शेवंताबाईनं पाठ फिरवली. निम्म्याच्या वर नांगर फिरला असेल, तशी ती एकदम वळली. "सुखराम, थांब. तेवढा कोपरा राहू दे."

"काहून वो माय?"

"काहून-बिहून इचारू नको. शेंगा धरू दे. बाळंत झाला की घालजो."

"बोरू बाळंत होते?"

"तुही माय झाली होती ना? मंग!"

सुखरामनं बैल बाहेर काढले. शोभा त्या दिवशी भंडाऱ्याला गेली होती. परत आली तेव्हा तिला वाटलं, पुढच्या सालच्या बियासाठी कोपरा ठेवला असेल.

पुढं शेंगा धरल्या. बोरू काठीसारखा जून झाला. रोवणीच्या तोंडावर सुखरामनं कसाबसा तोही चिखलात घातला, आणि बाया गाणी म्हणत रोप लावून गेल्या.

पोळा जवळ आला तशी बांधी बोलू लागली. जिथं फुलावरचा बोरू गेला होता तिथं धान काळं हिरवं, वाऱ्यावर लाटा मारणारं. आणि कोपरा पिवळा. फिकट पिवळा नव्हे. सात कोसांवरून दिसावा असा.

"मावशी, बांधीले कावीळ झाली का?" शेतावर शिकायला आलेल्या नागपूरच्या एका पोट्ट्यानं विचारलं.

"तुया डोळ्याले झाली. चाल, हो तिकडं."

पण रात्री आपलं ताट घासताना तिला तोच कोपरा दिसत राहिला. हाच पिवळा रंग. घरच्या बांधीतलं धानही असंच पिवळं पडायचं. म्हणजे आपल्या हातालाच तो लागला होता की काय?

शोभा दुसऱ्या दिवशी लुगडं खोचून कोपऱ्यात उतरली. चिखलात कोपरापर्यंत हात घातला आणि बोरूची काडी ओढून काढली. काडी जशीच्या तशी. "कुजलीच नाही. कवळा बोरू मातीला बळ देतो मावशी. जून झाला की कुजायला तो मातीचंच बळ ओढतो. रोपाला मग काय उरतं?" तिनं वर पाहिलं. "पण हा कोपरा तर बियासाठी ठेवला होता ना?"

शेवंताबाईनं पदर ओढून घेतला. खोटं बोलायची तिला सवय नव्हती, आणि खरं बोलायची इच्छा नव्हती.

"बियासाठी नव्हता. मीच ठेवला," ती शेवटी म्हणाली. आणि एकदा सुटली ती थांबेना. "तुले काय होते मनाले गाडून टाका! फुलावर आलेलं हाय ते. माया घरी सून गर्भार हाय. दोन गेले तिचे. दोन. अन मी अठी फुलावरच्याले नांगर लावू? तिसऱ्याले काई झालं तर मी तिले तोंड कसं दाखवू? बाकीची बांधी नांगरू देल्ली, तेच लय झालं. मनलं, येवढा तरी राहू दे. सगळंच मारलं असं नोको व्हाले."

शोभा हसेल, असं तिला वाटलं होतं. हसली असती तर बरं झालं असतं, चार शब्द सुनावता आले असते. शोभा चिखलातच पाळीला टेकून बसली.

"माझंच चुकलं मावशी. मी आपली गाडा, गाडा म्हणत राहिले. आमच्या घरी माग आहे. सुताला खळ द्यायची ना, तर बाबा 'खळीत बुडव' म्हणू देत नाहीत. 'पाज' म्हण, म्हणतात. सूत पितं म्हणे." तिनं ती काडी हातात फिरवली. "मला ठाऊक होतं की तो मरत नाही. पण शब्द मी मेल्या माणसाचा वापरला."

 बांधीत बेडूक ओरडत होते. शेवंताबाईनं वाकून मूठभर चिखल उचलला. हिरव्या बाजूचा. काळा, लोण्यासारखा, बोटांतून घसरणारा. नाकाशी नेला. पहिल्या पावसातल्या गोठ्यासारखा वास. तिच्या सासऱ्याच्या हाताला असा वास यायचा.

"पोटात घालाचा," ती म्हणाली.

"काय?"

"गाडाचा नाई. पोटात घालाचा. लेकराचं चुकलं तर माय घालते ना, तसा. मातीच्या पोटातून निंगाला, तिच्याच पोटात गेला. त्यात मारनं कायचं आलं?" मग जरा दमानं, "मले आंधी सुचलं असतं, तं कोपरा पिवरा नसता झाला."

"मग माझं 'गाडा' पण पोटात घाला."

"ते पाहू. आंधी ह्या कोपऱ्याचं काय कराचं ते सांग."

शेण, गोमूत्र आणि गूळ कालवून केलेला काला कोपऱ्याला पाजायचा होता. शेवंताबाई तो घागरीनं वाहत राहिली. आजारी लेकराला चमच्यानं पेज द्यावी तसा. हळूहळू पिवळेपण उतरलं. धान तिथं बुटकंच राहिलं, लोंबी हलकी आली. पण आली.

कापणीच्या दिवसांत पवनीच्या बसनं टिकाराम आला. तो पाळीवरून चालत येताना तिनं त्याचं तोंड दुरून वाचायचा प्रयत्न केला. जमेना. ती धान कापतच राहिली.

"माय, पोरगी झाली."

"अन चंद्रकला?"

"बरी हाय. तुही वाट पाहून राहिली. दोघी बऱ्या हायेत."

शेवंताबाईनं हातातला विळा खाली ठेवला आणि पदर तोंडावर घेतला. टिकारामनं आपल्या मायला रडताना कधी पाहिलं नव्हतं, त्यानं शहाण्यासारखी मान फिरवली. चपला काढून तो बांधीत उतरला. पाय घोट्यापर्यंत आत गेला. त्यानं तो काढला, दुसरीकडं ठेवला. तिथंही गेला.

"इथली मातीच अशी असन," तो म्हणाला.

"आंधी नव्हती."

 घरी परतल्यावर बाबुलालला त्यानंच सांगितलं, थांब म्हणून.

पुढच्या आषाढात घरच्या बांधीत बोरू फुलला. शेवंताबाईनं पाळीवर हळदकुंकू वाहिलं, तांदूळ आणि खोबऱ्याची वाटी ठेवून त्या फुललेल्या पिकाची ओटी भरली. चंद्रकला पोरीला मांडीवर घेऊन बांधावर बसली होती. टिकारामनं बैल जुंपले.

"माय, गाडू ना?"

"'पोटात घालू' मन."

"बरं बाप्पा, पोटात घालतो."

ह्या खेपेला शेवंताबाईनं पाठ फिरवली नाही. चंद्रकलेनं पोरीचा हात धरून एक फूल नांगरामागच्या तासात टाकलं. ते कोणी सांगितलं नव्हतं.

असे पावसाळे गेले. पोरगी पाळीवरून धावू लागली तेव्हा बाबुलाल पुन्हा आला. भाव वाढवून देतो म्हणाला. शेवंताबाई म्हणाली, "ने ना टोपलंभर. एक वीट पाडून पाह्य आंधी."

टिकारामच घाबरला. बाबुलालनं खरंच टोपलंभर नेली. बाजाराच्या दिवशी तो भेटला तो तोंड पाडून.

"नाई जमत वो बाई तुमच्या मातीचं. काडीकचरा लय हाय तिच्यात. भट्टीत टाकली का तडकते. विटेच्या कामाची नाई राहिली ते."

शेवंताबाईनं नातीला कडेवर घेतलं.

"आयकलं का वो बाई?" ती नातीला म्हणाली. "कामाची नाई राहिली म्हनते." आणि सगळ्या बाजाराला ऐकू जाईल असं हसली.