संमतीने बंद

खरं सांगते, राकेश दारात दिसला तेव्हाच मी घाबरले. तो इंटरनेट कंपनीचा माणूस. करी रोडच्या आमच्या टॉवरमध्ये दुसरी कंपनीच नाही. एकोणीस दिवस नेट बंद, आणि दर दोन दिवसांनी मेसेज, की तुमची तक्रार सोडवली. डोंबल सोडवली! माझी नोकरी घरून चालते आणि साहेबांनी सोमवारपर्यंतचीच मुदत दिली होती. शेवटी मी ग्राहक आयोगात गेले. उद्या सुनावणी होती.

"वहिनी, केस कशाला केली? घरचीच माणसं ना आपण," राकेश हसत म्हणाला. "जुई चारला येते ना शाळेतून?"

माझ्या मुलीची वेळ ह्याला कशी ठाऊक? तरी दारात आलेल्याला पाणी विचारायचं ही घरची शिस्त, म्हणून मी आत गेले. तिथेच माशी शिंकली.

पाणी घेऊन आले तर राकेश लिफ्टमध्ये शिरत होता. माझे सासरे, तात्या, मोबाइल धरून खुशीत उभे. कनेक्शन त्यांच्या नावावर आहे.

"लाइन सुरू करतो म्हणाला. ओटीपी आला होता, तो सांगितला."

तेवढ्यात त्यांच्या मोबाइलवर मेसेज वाजला. ग्राहकाच्या संमतीने तक्रार बंद. राउटरचा दिवा लालच होता.

"तात्या, उद्या ते हाच मेसेज दाखवतील! केस गेली, माझी नोकरी गेली!" मी ओरडलेच.

तात्या मटकन खाली बसले. गोदीत पस्तीस वर्षं कारकुनी केली, पण फायलीत ठपक्याचा एक मेमो नाही, हे ते आल्यागेल्याला ऐकवतात. आमटी त्यांच्या हातून खारट झाली तरी चूक मिठाची. आता माझ्यावरच खेकसतील असं वाटलं. त्यांनी कागद मागितला.

"उद्या मी येतो आयोगात. मी सांगेन."

"आणि राकेश परत आला तर? मला फार भीती वाटतेय हो."

"मलाही वाटतेय गं."

हे त्यांच्या तोंडून मी कधीच ऐकलं नव्हतं. माझा उरलासुरला धीरही सुटला.

त्यांनी टपोऱ्या अक्षरात लिहिलं, 'लाइन आजही बंद आहे. ओटीपी मी दिला. मी फसलो. चूक माझी.' खाली सही केली, तारीख घातली आणि कागद माझ्या हातात दिला.