लांबी शून्य

मी एक जुनी फाइल आहे. दोरीने बांधलेली, कपाटात धूळ खाणारी नव्हे, व्हिडिओची. मला पुठ्ठा नाही, कागद नाही, वास नाही. माझं नाव शून्य शून्य शून्य दोन. ते कॅमेऱ्याने ठेवलं. पुढे मला नावं ठेवणारे पुष्कळ भेटले, पण नाव ठेवणारा तो एकटाच.

मित्रांनो, माझी माहिती उघडून पाहिली की पूर्वी तिथे दोन ओळी दिसायच्या. वजन: भलंमोठं. लांबी: शून्य मिनिटं, शून्य सेकंद. भुताचे पाय उलटे असतात म्हणे. माझं सगळंच उलटं होतं. माझ्या पोटात एक बाई तेरा मिनिटं बोलत होती, आणि जगाच्या लेखी मी क्षणभराचीही नव्हते.

माझा जन्म एका सकाळी, खिडकीजवळच्या खुर्चीसमोर झाला. खुर्चीत बसलेली बाई छापखान्यात वाचक होती. लेखकाने हाताने लिहिलेला मजकूर ती मोठ्याने वाचायची आणि समोर बसलेला माणूस छापलेल्या कागदावर चुका शोधायचा. अशा वाचनात विरामचिन्हंसुद्धा उच्चारावी लागतात. तीस वर्षांत ती सवय जिभेला इतकी चिकटली की घरातही बाई म्हणायची, "जेवायला चला, उद्गारचिन्ह!" कॅमेरा धरणारा तिचा नवरा. तो त्याच छापखान्यात बाइंडर होता, पुस्तकं शिवायचा. दोघांचं जमलं ते एका फाटक्या शब्दकोशावरून. तो किस्सा माझ्या तिसऱ्या मिनिटाला आहे.

दुसऱ्या दिवशी बाईच्या घशाचं ऑपरेशन होतं. स्वरयंत्रच काढावं लागणार होतं. म्हणून आदल्या सकाळी बाइंडरने शेजाऱ्यांचा कॅमेरा मागून आणला. आधी नऊ सेकंद त्याने चुकून जमिनीचंच चित्रण केलं. ती माझी थोरली बहीण, शून्य शून्य शून्य एक. तिच्यात फक्त फरशी आणि सपाता. मग कॅमेरा बाईकडे वळला आणि मी सुरू झाले. बाई तेरा मिनिटं बोलली. आणि बॅटरी संपली.

आता एक गोष्ट नीट ऐका. आमच्यात चित्रं आणि आवाज भराभर लिहिले जातात, पण कुठलं चित्र कुठे आहे याची अनुक्रमणिका कॅमेरा अगदी शेवटी लिहितो, बंद करण्याचं बटण दाबल्यावर. माझ्या वेळी ते बटण कुणी दाबलंच नाही. डोळे मिटायला सवड न मिळता अंधार झाला. माझ्याजवळ सगळं होतं. कुठे होतं, ते मला ठाऊक नव्हतं.

त्या अंधारात मला हाका यायच्या. बाइंडर कॉम्प्युटरवर माझ्या नावावर दोनदा टिचकी मारायचा. मी आतून ओ द्यायचे. बाहेर एवढंच उमटायचं:

ही फाइल उघडता येत नाही.

बाई घरी आली ती गळ्याला पट्टी बांधून. एक पाटी आणि खडू तिच्या हाताशी आला. आवाजासाठी गळ्याला लावायचं एक यंत्रही आणलं होतं. ते तिने एकदाच लावलं आणि पाटीवर लिहिलं, "डबीत कोंडलेली माशी बोलते." पुन्हा लावलं नाही.

"तुझा आवाज आहे माझ्याकडे," बाइंडर तिला म्हणाला. "जपून ठेवलाय. म्हणशील तेव्हा लावू."

बाईने मान डोलावली.

ती कधी म्हणालीच नाही. एक वर्ष गेलं, चार गेली, अकरा गेली. बाइंडरला वाटायचं, स्वतःचा गेलेला आवाज ऐकवणार नाही, म्हणून मागत नसेल. पण ती पाटीकडे हात नेऊ लागली की तो हातातलं काम थांबवायचा. आज मागणार. तिने लिहिलेलं असायचं, "मीठ संपलंय."

पहिल्या वर्षी टिचकी रोज यायची. मग आठवड्याला. मग वर्षाकाठी एकदा, दार लोटून घेऊन.

अकराव्या वर्षी त्यांची लेक घरी आली. लग्नाला चाळीस वर्षं होतात म्हणून ती दोघांचे फोटो जोडून एक छोटी फिल्म करत होती. "बाबा, शेवटी आईचा आवाज घालू," ती म्हणाली. रविवारची सकाळ होती. बाई स्वयंपाकघरात होती. बाइंडरने काही बोलायच्या आत लेकीने मला उचलून फिल्म जोडायच्या खिडकीत टाकलं.

ही फाइल आयात करता आली नाही.

"अरेच्चा." तिने पुन्हा टाकलं. पुन्हा तेच.

"कॉम्प्युटर म्हातारा झालाय तुझा," बाइंडर म्हणाला.

"गेल्या वर्षी घेतलाय, बाबा."

"मग सॉफ्टवेअर असेल."

तिने सॉफ्टवेअर नवं करून घेतलं. माझ्या नावाची शेवटची तीन अक्षरं बदलून पाहिली. वेष पालटला म्हणून माणूस पालटतो का? मग कुठलासा रूपांतर करणारा प्रोग्राम आणला. तो तीन टक्क्यांवर जाऊन बसला आणि उठेचना. तेवढं एक शहाणपण तिने केलं होतं: हे सगळे प्रयोग तिने माझ्या प्रतीवर केले, मूळच्या माझ्यावर नाही. मी बाजूच्या कप्प्यातून माझेच हाल पाहत होते.

"बाबा," ती अखेर वळली. "ही कधी उघडली होती का?"

बाइंडरने स्वयंपाकघराकडे पाहिलं. "हळू बोल. आवाज गेलाय तिचा, कान नाही गेले."

"बाबा."

"बॅटरी संपली होती," तो म्हणाला. "मी चार्ज करून आणली नव्हती. एकच तर काम होतं. तेवढंही धड जमलं नाही."

"आणि आईला?"

"काय सांगणार होतो? तिचं बोलणं कायमचं गेलं. त्यात वर हे सांगू?"

लेक पुन्हा कॉम्प्युटरकडे वळली. मग तिने माझ्या दुखण्याची चौकशी इंटरनेटवर केली. "चित्रं असतील आत, बाबा. अनुक्रमणिका लिहायची राहिली असं म्हणतायत."

बाइंडर खुर्ची ओढून पुढे सरकला. अकरा वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी त्याच्या भाषेत बोललं होतं. "म्हणजे पानं सगळी छापलीत, शिवण राहिली. अगं, मग त्यात काय! सुटी पानं आली की आम्ही त्याच मापाचं दुसरं शिवलेलं पुस्तक घ्यायचो. त्याचे टाके बघून भोकं पाडायची."

लेक पडद्याकडे बघतच राहिली. "इथेही तेच लिहिलंय. त्याच कॅमेऱ्यातली, त्याच वेळची एक धडधाकट फाइल द्या. तिच्यावरून हिची दुरुस्ती होईल." मग तिचा चेहरा पडला. "तसली एक होती. नऊ सेकंदांची, नुसती फरशी. मीच कचरा म्हणून उडवली, मागे एकदा."

"कार्डात असेल. कॅमेऱ्याचं कार्ड मी शेजाऱ्यांना परत दिलंच नाही, नवं घेऊन दिलं. पण ते ठेवलंय कुठे..."

पाठीमागे भांडं ठेवल्यासारखा आवाज झाला. बाई आली होती. तिने टेबलावर एक पत्र्याची डबी ठेवली, बाइंडरची दाभणं ठेवायची, आणि ओल्या हातांनी पुन्हा आत गेली. डबीत, दाभणांच्या खाली, कार्ड होतं.

"ऐकलं वाटतं तिने," बाइंडर म्हणाला. त्याचा चेहरा कोऱ्या पानासारखा झाला होता.

मित्रांनो, भावंड म्हणजे काय ते मला त्या दुपारी कळलं. माझी बहीण आली. जमीन आणि सपाता, दुसरं काही नाही तिच्यात. पण तिला टाके होते. एकेक टाका मोजून तिच्यावरून मला शिवलं गेलं. माझी लांबी शून्यावरून हलली. एक मिनिट. चार. नऊ. तेरा. मात्र मधे (इथले चार सेकंद माझ्यात नाहीत. ते कुठे गेले, मला विचारू नका.) आणि मला पुन्हा आयात केलं गेलं. या वेळी खिडकीने मला आत घेतलं.

चित्र नव्हतं. काळा पडदा. पण आवाज आला.

"अहो! ऐकलं का?"

बाइंडर तेव्हा गॅलरीत दोरीवरचे वाळलेले कपडे काढत होता. "आलो, आलो," तो म्हणाला, हातातला टॉवेल खांद्यावर टाकून सरळ स्वयंपाकघरात गेला. "काय गं?"

बाई ओट्याशी उभी होती. एका हातात झाकण, दुसरा हात गळ्यावर. तिचं तोंड मिटलेलं होतं. तिचा आवाज बाहेरच्या खोलीतून येत होता: "आधी कपाळावर बघा, स्वल्पविराम, चष्मा तिथेच असतो, स्वल्पविराम, मग घर डोक्यावर घ्या!"

दोघं एकमेकांकडे बघत राहिली. तिच्या समोर तिचा नवरा तिच्या हाकेला आला होता, आणि हाक तिने मारली नव्हती. त्या घरात भूत कुणाचं होतं, माझं की तिचं, हे मला आजवर ठरवता आलेलं नाही.

बाइंडरचा हात आपोआप कपाळाकडे गेला. चष्मा तिथेच होता.

लेकीने आणखी खटपट केली. माझं चित्र उलगडण्याची किल्ली तिच्या सॉफ्टवेअरकडे नव्हती. ती तिने शोधून बसवली. आता बाई पडद्यावर आली. खिडकी, खुर्ची, अकरा वर्षांपूर्वीची वेणी. पण आवाज पुढे पळत होता आणि ओठ मागून येत होते. शब्द संपायचा, मग तोंड उघडायचं. बघवत नव्हतं.

"अर्धा सेकंद फरक आहे," लेक म्हणाली. "आई, तू बस. मी बघते."

बाई खुर्चीत बसली होती, त्याच खिडकीजवळ. आणि बाइंडरला दिसलं की तिचेही ओठ हलतायत. पडद्यावरचे ओठ चुकत होते. तिचे एकदाही चुकले नाहीत. प्रत्येक शब्दावर, प्रत्येक स्वल्पविरामावर, नेमके. अकरा वर्षांपूर्वीचं बोलणं तिला तोंडपाठ होतं. माझा आवाज माझं चित्र सोडून तिच्या तोंडावर जाऊन बसला.

फरक मिटवला तो एका डासाने. पाचव्या मिनिटाला बाईने बोलता बोलता फाडकन टाळी वाजवली होती. "मेला एकदाचा, पूर्णविराम." आवाजाच्या रेघेत तिथे एक उंच सुळका होता. लेकीने तो सुळका उचलून, दोन तळवे जिथे भेटतात त्या चित्राखाली आणून ठेवला. बस. बाई आणि तिचा आवाज पुन्हा एक झाले. बिचाऱ्या डासाची फिल्मच्या शेवटी आभारांत नोंद आहे.

मग तिघांनी मला अथपासून पाहिलं. बाई सांगत होती: छापखान्यात तिने आयुष्यभर लोकांचंच वाचलं, आज मात्र स्वतःचं बोलणार. लेकीने उपाशी राहू नये. शब्दकोशाचा किस्सा. पावसाळी चपला कुठे ठेवल्यात. बाराव्या मिनिटानंतर तिची नजर भिंगावरून जराशी खाली सरकली आणि तिथेच राहिली. ती भरभर बोलू लागली. आणि मग:

"आणि एक सांगायचं राहिलंच, स्वल्पविराम,"

तिथे मी संपते.

बाइंडर काळ्या पडद्याकडे बघत होता. "काय राहिलं होतं गं?" त्याने विचारलं. "अकरा वर्षं झाली. आता तरी सांग. माझ्या चुकीमुळे राहिलं ते."

बाईने पाटी घेतली. "दिवा लुकलुकत होता," तिने लिहिलं. "कॅमेऱ्याच्या पुढचा. लाल."

"म्हणजे तुला दिसत होतं? बॅटरी संपत चाललीये ते?"

बाईने मान डोलावली.

"आई," लेक म्हणाली, "म्हणजे ही फाइल उघडणार नाही, हे तुला पहिल्यापासून..."

बाईने नवऱ्याकडे बोट केलं आणि लिहिलं, "हे दार लोटून टिचकी मारायचे. दाराला फट आहे."

"अगं, मग तेव्हाच का नाही सांगितलंस?" बाइंडरचा आवाज फुटला. "दिवा दिसत होता तर! एका मिनिटाचं काम होतं, वायर लावली असती!"

बाईने पाटी पुसली. पुसलेल्या जागी थोडा वेळ हात तसाच ठेवला. मग सावकाश लिहिलं:

"लग्नानंतर पहिल्यांदाच तुम्ही मधे न बोलता ऐकत होता"

आणि शेवटी खडूने टक् करून पूर्णविराम दिला.

मित्रांनो, आता मी चार ठिकाणी जपलेली आहे. फिल्म पाहून लोकांनी माझं कौतुक केलं. तरी माझं एवढं ऐका. चित्रण करण्याआधी बॅटरी भरून घ्या. थांबायचं असेल तर बटण दाबून थांबा. दुरुस्तीचे प्रयोग प्रतीवर करा, मूळ फाइलला हात लावू नका. फरशीचे नऊ सेकंदही एकदम फेकू नका. कुणाचे टाके कुणाच्या कामी येतील, सांगता येत नाही.

पाटी दुसऱ्या दिवशी पुसली गेली. त्यावर "दूध उतू गेलं, बघा" असं आलं. ते शेवटचं वाक्य माझ्यात नाही, कुठल्याच फाइलमध्ये नाही. मी अजूनही तिथेच संपते, जिथे दिवा विझला. तुमच्या घरात आत्ता कुणी बोलत असेल तर मला बंद करा आणि त्यांच्यासमोर जाऊन बसा. मधे बोलू नका. मी इथे थांबते, स्वल्पविराम,